रिकाम्या पोटाचा फोटो

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक दर वर्षी गणपती उठले की घरी येतात आणि "काका, दवाखान्यातल्या आठवणी लिहा" म्हणतात. मी दर वर्षी दुसरंच काहीतरी देतो. एकदा तापीच्या पुरावर दिलं, एकदा जैनाबादच्या जुन्या बागांवर, एकदा तर ज्वारीच्या पापडांवर. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला दवाखान्याचा कंटाळा आला असेल. कंटाळा मला कधीच आला नाही. इतकं मजेचं काम फार थोड्यांच्या वाट्याला येतं. पण दवाखान्याबद्दल लिहायचं तर शुक्लसाहेबांबद्दल लिहावं लागेल, आणि त्यांच्याबद्दल लिहायचं तर खरं लिहावं लागेल, म्हणून टाळत आलो. आता टाळायला फारशा दिवाळ्या उरलेल्या नाहीत.

मी एक्स-रेवाला. शहरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात नोकरीला होतो. त्याचं नाव सांगत नाही. तो ट्रस्ट उरला नाही आणि इमारतीच्या जागी आता कापडाची दुकानं आहेत. राज्यांची फेररचना होऊन नवं राज्य झालं ती वर्षं. नागपूर तिकडे गेलं, आपण इकडे राहिलो. जे हुकूम नागपूरहून यायचे ते भोपाळहून यायला लागले. आमचे जुने डॉक्टर नागपूरचे. ते नागपूरच्या मागोमाग गेले. त्यांच्या जागी ट्रस्टने रीव्याकडचे डॉ. शुक्ल आणले. उंच, किडकिडीत, स्वतःला ‘हम’ म्हणणारे. पहिल्याच आठवड्यात एका पेशंटने मला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊ, डाक्तर किती जण हायत? मले तं एकच दिसते."

गावाला ते परके वाटले. चहाच्या हॉटेलात लोक म्हणायचे, "आपलं माणूस गेलं आन हे कुठचं आलं." साहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते हसून म्हणाले, "राज अभी एक हुआ है, वसंत बाबू. पेट तो सबका पहले से एक है."

पोट हा त्यांचा खास विषय. आणि आमच्याकडे एका शेठजींच्या देणगीतून आलेलं एक्स-रेचं मशीन होतं, ज्यात पोट चालताना दिसायचं.

एक्स-रे म्हणजे हाडांचा फोटो, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. हाड किरणांना अडवतं म्हणून ते उमटतं. अन्ननलिका, जठर हे सगळं मऊ मांस. किरण आरपार जातात, काही दिसत नाही. म्हणून पेशंटला बेरियम पाजायचं. ही एक पांढरी, खडूसारखी, हाताला जड लागणारी भुकटी. पोटात विरघळत नाही, रक्तात जात नाही, आली तशी निघून जाते. पण जिथून जाते तिथला आकार दाखवते. साच्यात मेण ओतावं तसं. ते कालवायचं काम माझं. खलात घोटायचं, डिंकाचं पाणी घालायचं, थोडी साखर, वरून वेलदोडा. गुठळी एकही राहता कामा नये, कारण राहिलेली गुठळी फोटोत रोगासारखी दिसते. मावा जिलेबीवाले एक हलवाई पोट तपासायला आले होते. त्यांनी पेला रिकामा केला, जीभ टाळूला लावून जरा वेळ थांबले आणि गंभीरपणे म्हणाले, "साखर बरोबर आहे. डिंक जास्त पडला." त्या दिवसापासून मी डिंक कमी केला. खरंच बरं जमायला लागलं.

साहेबांचं काम अंधारात चालायचं. पेशंट उभा, त्याच्या पाठीमागे किरणांची नळी, पुढे एक पडदा. पडद्यावर फिकट हिरवा उजेड यायचा आणि त्यात काळं काळं बेरियम उतरताना दिसायचं. तो उजेड इतका मंद असायचा की उन्हातून आलेल्या डोळ्यांना काहीच दिसू नये. म्हणून साहेब आधी अर्धा तास लाल काचांचा चष्मा लावून बसायचे, म्हणजे डोळे अंधाराला सरावायचे. बसायचे कसले, तसेच सगळीकडे फिरायचे. वऱ्हांड्यातल्या बायका पदराआड हसायच्या. एका म्हातारीने मला विचारलं होतं, "बिचाऱ्याचे डोये आले का रे? मंग थो दुसऱ्याले काय बरं करीन?"

अंधारात साहेब हिंदीत सांगायचे, मी मराठीत. "घूँट लो", मी म्हणायचो, "घोट घ्या." "मुँह में रखो", "तोंडात धरा." "निगलो", "गिळा." मग त्यांनी माझे शब्द उचलले. ‘गिळा’ त्यांना फार आवडला. आपल्याकडे हा शब्द जरा जपून वापरावा लागतो, हे मी सांगायच्या आत त्यांनी एका वकिलाच्या बायकोला अंधारातून ठणकावून सांगितलं, "बाई, गिळा." बाईंनी पेला माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "असं मला माझ्या सासूनेही कधी म्हटलं नाही." पुढे आम्ही बायकांना "आवंढा घ्या" म्हणायला लागलो.

गिळणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे मला त्या पडद्यापुढे उभं राहून कळलं. घशात दोन रस्ते आहेत. पुढचा श्वासाचा, मागचा अन्नाचा. प्रत्येक घासाला पुढचा रस्ता ओलांडून मागच्या रस्त्यात शिरायचं असतं. म्हणजे गिळायच्या क्षणी श्वास थांबतो, गळ्यातला कंठमणी वर उचलला जातो, श्वासनलिकेवर झाकण पडतं, घास निसटतो, आणि झाकण पुन्हा उघडतं. डोळ्याचं पातं लवायला वेळ लागतो तेवढ्यात. दिवसभर आपण हे करत असतो, झोपेतसुद्धा लाळ गिळतो, आणि विचार करत नाही. विचार केला की चुकतं. "अब निगलो" म्हटलं की भले भले अडायचे. एक पहिलवान होता, शेरभर दूध उभ्याने पिणारा. तो तोंडात बेरियम धरून गाल फुगवून उभाच. शेवटी मी म्हटलं, "पहिलवान, तुमच्या तालमीच्या मागे आग लागली म्हणतात." त्याने "आँ?" करण्यासाठी ते गिळून टाकलं.

पुढे घास आपोआप खाली पडतो, असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. लेंग्याच्या नेफ्यात नाडी ओवताना आपण पिन चिमटीत धरून पुढे पुढे सरकवतो ना, तशी अन्ननलिका घासाला मागून आवळत पुढे ढकलते. हे एका शाळेच्या गुरुजींना पटेना. "डॉक्टरसाहेब, विहिरीत दगड टाकला तर तो खाली जाणारच. त्यात विहिरीचं काय कर्तृत्व?" साहेबांनी त्यांना टेबलावर झोपवलं, टेबल उताराचं केलं, डोकं खाली पाय वर, आणि नळीने एक घोट पाजला. पडद्यावर बेरियम वर चढत चढत जठरात गेलं. मी गुरुजींना ते शब्दांत सांगितलं, कारण त्यांना स्वतःला दिसणं शक्य नव्हतं. उठल्यावर ते बराच वेळ टोपी हातात धरून बसले. पुढे शाळेत त्यांनी चार पोरांना शिडीवर उलटं टांगून पाणी पाजलं, अशी बातमी आली. खरीखोटी देव जाणे.

जठराला आपण पोट म्हणतो आणि मडक्यासारखं समजतो. ते मडकं नाही. ती जिवंत पिशवी आहे, घुसळणारी. आत फरशी धुवायच्या तेजाबाच्या जातीचं आम्ल सुटतं, आणि ते स्वतःलाच लागू नये म्हणून पिशवी आतून बुळबुळीत थर धरून असते. लठ्ठ माणसाचं जठर आडवं, बैलाच्या शिंगासारखं. उंच, बारीक माणसाचं लांब लोंबतं, ओटीपोटापर्यंत. बाहेर पडायच्या तोंडाशी एक आवळलेली कडी असते. साहेब तिला चुंगी नाका, म्हणजे आपला जकात नाका, म्हणायचे. "एक एक गाड़ी छोड़ता है, देख-परख के." पातळ पेज लवकर सुटते, वरण-भाकरीला तीन-चार तास लागतात, तळलेल्याला त्याहून जास्त. आणि माणूस घाबरलेला असला तर नाका बंदच. मी पाहिलंय: कोर्टाची तारीख असलेला एक माणूस, पोट अगदी थिजलेलं, त्याला खाली बसवून त्याच्या गाईबद्दल विचारलं, तेव्हा कुठे लाटा सुरू झाल्या.

या सगळ्याला एकच अट. पोट रिकामं हवं. आत अन्न असलं तर बेरियम त्याच्या भोवतीने जातं आणि फोटोत तिथे खाचा दिसतात. गाठ असली तरी तशाच खाचा दिसतात.

इथे आमच्या गावाचा प्रश्न येतो. निंबोल्याचा एक शेतकरी आला होता. साहेबांनी पडद्यावर पाहिलं, हात लावून दाबलं, आणि दिवा लावायला सांगितला. "कुछ खाया है?"

"नही साहेब."

"सुबह से कुछ भी नहीं?"

"आईची आण. काहीच खाल्लं नही." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "केये खाल्ले भाऊ, चार. पन खाल्लं काही नही."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांना समजावलं. आमच्याकडे खाणं म्हणजे भाकरी. केळं हे खाण्यात धरत नाहीत. बागेतून जाता जाता तोडायचं, पोरगं रडलं की हातात द्यायचं, गोळी घ्यायची तर त्यात घालून घ्यायची. पोराने नाणं गिळलं तरी केळी चारतात, म्हणजे नाणं गुंडाळून खाली जाईल. केळं खाऊनही माणूस उपाशीच असतो, आणि उपाशी असल्याचं सांगतो ते खोटं नसतं.

साहेब खूप हसले. मग म्हणाले, "वसंत बाबू, यह सवाल हम नहीं पूछ सकते. हमको सूझेगा ही नहीं. यह सवाल आपका रहा." तेव्हापासून पेशंट आत आणायच्या आधी मी विचारायचो: भाकरी? चहा? तंबाखू? तीर्थ घेतलं का? आणि शेवटी, केळं? निम्मे लोक शेवटच्या प्रश्नाला थांबायचे. त्यांना मी परत पाठवायचो. साहेब आतून अंधारातून विचारायचे, "अपना वाला सवाल हो गया?" मी म्हणायचो, "हो गया साहब." त्या ‘अपना’चा मला अभिमान होता.

आता आप्पा महाजन. बहादरपूरचे, मोठे केळीवाले. पंचक्रोशीत शब्दाला वजन. माझ्या वडिलांना नावाने हाक मारणारे. जेवल्यावर छातीखाली जळजळ, अंगाने उतरलेले. पहिल्या खेपेला चहा पिऊन आले, मी परत पाठवलं. तेव्हा वऱ्हांड्यात सगळ्यांसमोर म्हणाले, "वसंता, तुह्या बापाले केळीचे कंद मी देल्ले होते. आन तू मले वापस धाडतो?" लोक हसले. ट्रस्टच्या सेक्रेटरींनीही नंतर मला बोलावून सांगितलं की माणसं लांबून गाड्या जुंपून येतात, उगाच परत पाठवत जाऊ नका.

दुसऱ्या खेपेला ते दमणीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून, आले, बरोबर त्यांच्या बायको जिजी. दवाखान्यासाठी भेट म्हणून पिकल्या केळ्यांची मोठी फणी आणली होती. मी ती उतरवून घेतली. फणीच्या एका टोकाची केळी तुटलेली होती. तुटल्याची जागा ताजी होती. खाली बैल सालं चघळत उभा होता.

मी विचारलं, "आप्पा, उपाशी ना?"

"सकाळपासून अन्नाचा कण नही रे बाबा. आता तरी घे आत."

पुढचा प्रश्न विचारायचा होता. वऱ्हांडा भरलेला होता. मागच्या खेपेचं हसू मला आठवलं. मी त्यांना आत घेतलं.

साहेबांनी विचारलं, "अपना वाला सवाल?"

"हो गया साहब."

पडद्यावर जठराच्या तोंडाशी एक खाच दिसली. साहेबांनी हातमोजा घालून दाबलं. ती जराशी हलल्यासारखी वाटली, आणि तेवढ्यात विजेचा दाब उतरला. आमच्याकडे तेव्हा हे नेहमीचंच. पडदा विझल्यासारखा झाला. कसेबसे फोटो घेतले. मी ते धुतले आणि ओला फोटो खिडकीच्या उजेडात धरला. काय आहे ते मला त्याच क्षणी कळलं. साहेब मागे येऊन उभे राहिले, बराच वेळ बघत. "वसंत बाबू, पेट खाली था न? पक्का?"

तेव्हा सांगितलं असतं तर काय झालं असतं? थोडी बोलणी बसली असती. पुन्हा बोलवावं लागलं असतं, आप्पांनी बापाचा उद्धार केला असता. एवढंच.

मी म्हणालो, "पक्का."

साहेबांनी आप्पांना खुर्चीत बसवलं आणि जमेल तशा मराठीत सांगितलं, "आप्पा, गाठ असू शकते. नक्की नाही. इंदूरला मोठं मशीन आहे. तिथे पुन्हा फोटो काढा." डॉक्टरने याहून वेगळं काही सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटत नाही. पण ‘गाठ’नंतरचं आप्पांना काही ऐकू गेलं नाही.

ते घरी जाऊन खाटेवर पडले. इंदूरला जायला तयार होईनात. "मले कापायचं नही," एवढंच म्हणायचे. तंबाखू सुटली, तिखट सुटलं, दुधावर राहिले. पाहुणे भेटायला यायला लागले, माणसाला शेवटचं भेटतात तसे. कापूस वेचणीचे दिवस होते. ज्या घरात बसायला जागा नसायची तिथे कोणी मोठ्याने बोलेना. एके दिवशी जिजी माझ्या घरी आल्या. ओसरीवर बसल्या. पाणी दिलं ते हातात तसंच धरून म्हणाल्या, "वसंता, तू तं फोटो काढला. खरंच हाय का रे गाठ?"

मी म्हणालो, "इंदूरला जाऊन या, जिजी. तिथे नीट कळेल."

"तुले काय वाटते?"

"मला काय कळतं जिजी, मी फोटो काढणारा."

त्यांनी पाणी न पिता तांब्या खाली ठेवला.

हिवाळा संपता संपता आप्पांच्या धाकट्या भावाने त्यांना जवळजवळ उचलून इंदूरला नेलं. तिथला फोटो स्वच्छ. जठराला थोडी सूज होती, तीही तंबाखू आणि मिरची सुटल्याने उतरत आलेली. आप्पा परत आले ते पेढे वाटत, आणि दुसऱ्या दिवशी दहा-पंधरा माणसं घेऊन दवाखान्यात. सेक्रेटरीही येऊन बसले.

"साहेब," आप्पा म्हणाले, "आमी मानूस हाव का नही? आख्खा हिवाळा तुमी मले जित्तेपणी चितेवर ठेवलं."

साहेबांनी दोन्ही फोटो शेजारी धरले. पुन्हा पुन्हा पाहिले. मग म्हणाले, "दो ही बातें हो सकती हैं. या तो हमने गलत पढ़ा. या उस दिन पेट खाली नहीं था." आणि माझ्याकडे वळले. "वसंत बाबू?"

सेक्रेटरी म्हणाले, "वसंतराव, तुम्ही इथले. तुम्ही विचारलंच असेल."

सगळे माझ्याकडे बघत होते. जिजीही.

"विचारलं होतं," मी म्हणालो. "आप्पा उपाशी होते."

"मंग!" आप्पा म्हणाले. "अन्नाचा कण नव्हता."

साहेब माझ्याकडे क्षणभर बघत राहिले. त्यांना कळलं होतं का? मला कधी ठरवता आलं नाही. मग त्यांनी आप्पांपुढे हात जोडले. "तो फिर पढ़ने में गलती हमारी है. माफ कीजिए."

एवढं झाल्यावर आप्पांचा राग विझला. ते मनाने मोठे होते. पण गावाचा विझला नाही. साहेबांना ‘गाठवाला’ हे नाव पडलं. पेशंट खंडव्याला जायला लागले. हॉटेलात म्हणायचे, "आपला नागपूरचा डाक्तर असता तं असं झालं असतं का? हे रीव्याचे लोक, यायले आपलं पोट काय समजणार." मी तिथे बसलेला असायचो. चहा प्यायचो. मान हलवायचो. ज्या माणसाने आमची बोली शिकून घेतली होती, त्याच्याबद्दल आमच्या बोलीत काय काय बोललं जातं ते मी ऐकायचो. उन्हाळ्यात ट्रस्टने त्यांना पुढे ठेवायचं नाही असं ठरवलं.

स्टेशनवर पोचवायला मी एकटाच होतो. सामान चढवलं. गाडी हलायच्या आधी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आपसे बहुत सीखा, वसंत बाबू. ‘आवंढा घ्या’ अब हम कहीं भी बोल देंगे." मी हसलो. गाडी गेली.

नंतर मी त्याच दवाखान्यात निवृत्तीपर्यंत होतो आणि खोटं कशाला सांगू, सुखाने होतो. नवे डॉक्टर आले, चांगले आले. मशीन बदललं, मग लाल चष्म्याची गरज उरली नाही. पुढे घशातून कॅमेरा घालायला लागले. आता बेरियम क्वचितच कोणी पाजतं. माझ्या हातचा पेला बाहेरगावचे डॉक्टरही नावाजायचे. केळ्याचा प्रश्न मी त्यानंतर एकदाही चुकवला नाही. कलेक्टरसाहेबांनाही विचारला. ते म्हणाले, "एक." त्यांना परत पाठवलं.

आप्पा खूप जगले. गाठीची गोष्ट ते लग्नाकार्यात रंगवून सांगायचे. एकदा एका पंगतीत माझ्या शेजारी बसले होते, सांगता सांगता म्हणाले, "आता गंमत पाय. दमणीत तं दोन केये खाल्ले होते मी त्या दिवशी. पन केयं काय खानं हाय का?" सगळे हसले. मीही हसलो. ज्याचं नुकसान झालं असं गाव समजत होतं, त्याचं काही बिघडलं नव्हतं. ज्याचं बिघडलं त्याचा पत्ताही कोणी विचारला नव्हता.

पत्ता मला फार उशिरा मिळाला. पुतण्याच्या लग्नाला जबलपूरला गेलो होतो. तिथे एका डॉक्टरांशी बोलताना शुक्लसाहेबांचं नाव निघालं. निवृत्त होऊन तिथेच राहत होते, अर्धांगाचा झटका आलेला. मी लग्नातून उठून गेलो. रिक्षात काय बोलायचं ते हिंदीत जुळवत होतो.

दार त्यांच्या पत्नीने उघडलं. साहेब खाटेवर उशीला टेकून होते. उजवी बाजू गेलेली, बोलणं गेलेलं. पण मला त्यांनी ओळखलं. डावा हात उचलला. भाभीजी त्यांना चमच्याने पातळ डाळ पाजत होत्या. प्रत्येक चमच्याला ठसका. डाळ हनुवटीवरून ओघळत होती. भाभीजी म्हणाल्या, "भाईसाहब, रोज़ ऐसे ही. आधा पेट में, आधा बाहर."

इथे मला काहीतरी येत होतं. मी म्हटलं, मला करू द्या. साहेबांना पाठीशी तक्क्या लावून सरळ बसवलं. डाळ भातात घोटून खिरीएवढी घट्ट केली, कारण पातळ पदार्थ वेगाने धावतो आणि झाकण पडायच्या आत श्वासाच्या रस्त्यात शिरतो. चमचा लहान घेतला. चांगल्या बाजूच्या गालात ठेवला आणि त्यांची हनुवटी हलकेच छातीकडे झुकवली. मग वाट पाहिली. कंठमणी वर गेला, खाली आला. ठसका नाही. दुसरा चमचा. पुन्हा वर, पुन्हा खाली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना नेमकं कळत होतं मी काय करतोय. हे सगळं त्यांनीच मला अंधारात शिकवलं होतं. भाभीजी तोंडाला पदर लावून बघत होत्या.

अर्धी वाटी झाल्यावर मी म्हणालो, "साहब, वो बहादरपुर वाले आप्पा…"

साहेब हसले. खरंच हसले, चेहऱ्याची एक बाजू पूर्ण उजळली. आणि तोंडातला घास चुकीच्या रस्त्याला गेला. असा ठसका लागला की चेहरा निळसर झाला. मी त्यांना पुढे वाकवून धरलं, पाठीवर थापटलं, भाभीजी धावल्या. बऱ्याच वेळाने श्वास ठिकाणावर आला.

"भाईसाहब," भाभीजी हात जोडून म्हणाल्या, "खाते समय इनसे कुछ मत कहिए. न हँसने की, न रोने की."

बरोबरच होतं. हे मला सुचायला हवं होतं. उरलेली वाटी मी गप्प राहून भरवली. एकेक चमचा, कंठमणी वर, खाली. पूर्ण वाटी संपली. भाभीजी म्हणाल्या, झटका आल्यापासून पहिल्यांदाच संपली. मग मी त्यांनाही तसं करायला शिकवलं आणि दोन चमचे त्यांच्या हातून भरवून घेतले. तोवर साहेब बसल्या बसल्या झोपले होते. भरलेल्या पोटाची झोप. उठवणं बरं दिसलं नसतं. माझी गाडी होती. पुन्हा येईन म्हणालो.

पुन्हा जाणं झालं नाही. ते त्याच पावसाळ्यात गेले, हे मला वर्षभराने कळलं.

रिक्षात जुळवलेलं ते अजून पाठ आहे. हिंदीत जुळवलं होतं. पण त्यांना मराठी येत होती, म्हणून मराठीत लिहितो. साहेब, त्या दिवशी आप्पांचं पोट रिकामं नव्हतं. फणी माझ्या हातात होती, मी पाहिलं होतं आणि विचारलं नाही. तुम्ही मला तीनदा विचारलंत, आणि मी तिन्ही वेळा खोटं सांगितलं. तुमच्या वाचण्यात काही चूक नव्हती. हात तुम्ही जोडलेत, ते मी जोडायला हवे होते. मला माफ करा.